धुऱ्याचा हिशेब



ज्या गणित शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलायचे तर प्रत्यक्ष गणितच बोलावे असे मला वाटते. गणिताची परंपरा, गणिताचे सौंदर्य, गणित आणि जीवन हे विषय व्यासपीठावर शोभतात, पण तेवढ्यात फळा कोरा राहून जातो. म्हणून आज बारावीच्या पुस्तकातली एकच ओळ घेऊन मी आलो आहे. ती म्हणजे इंटिग्रेशन बाय पार्ट्स, म्हणजेच खंडशः संकलन. तेही दोन टोके ठरलेल्या संकलनात, ज्याला आपण डेफिनिट इंटिग्रल म्हणतो. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा कुठेही जा, बारावीच्या वर्गात हे सूत्र एकाच चालीत म्हटले जाते: पहिले फंक्शन गुणिले दुसऱ्याचे इंटिग्रेशन, वजा पहिल्याचे डेरिव्हेटिव्ह गुणिले दुसऱ्याचे इंटिग्रेशन, या सगळ्याचे पुन्हा इंटिग्रेशन. मुलांना हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. आणि तरीही उत्तरपत्रिकेत बरीच पडझड याच सूत्राने सोडवलेल्या निश्चित संकलनात होते.

का होते? त्या चालीत टोकांचा उल्लेखच नाही. बालभारतीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात तिसरे प्रकरण अनिश्चित संकलनाचे आणि चौथे निश्चित संकलनाचे. मूल तिसऱ्या प्रकरणात कित्येक आठवडे बाय पार्ट्स घोटते. तिथे सीमा नसतात, शेवटी एक ‘अधिक सी’ लिहिला की काम संपते. हात त्या वळणाचा होतो. मग चौथ्या प्रकरणात संकलनाच्या चिन्हाला खाली-वर दोन आकडे येतात आणि मूल ते आकडे फक्त चिन्हापुरते जपते. पहिला गुणाकार चिन्हाच्या बाहेर पडलेला असतो, म्हणून त्याला सीमा लावायचे राहून जाते. उत्तर काढून झाल्यावर त्यात ‘क्ष’ शिल्लक दिसतो. निश्चित संकलन ही एक संख्या आहे. तिच्यात क्ष उरूच शकत नाही. उत्तरात अक्षर दिसले की काहीतरी चुकले, एवढी खूण तरी प्रत्येक मुलाच्या मनात पक्की हवी.

आपल्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. सातबाऱ्यावर क्षेत्र आत मोजलेले असते, पण वाद उभा राहतो तो धुऱ्यावर, आणि मोजणीदार येतो तेव्हा त्याची मोजणी धुऱ्यापासूनच सुरू होते. बाय पार्ट्समधला तो बाहेर पडलेला गुणाकार हा निश्चित संकलनाचा धुरा आहे. पुस्तकी भाषेत त्याला सीमापद म्हणू. माझे आजचे सगळे बोलणे या एका पदाविषयी आहे: ते कुठून येते, त्याचा अर्थ काय, ते कधी शून्य होते, आणि कधी शून्य झाल्यासारखे वाटून फसवते.

आधी थोडा इतिहास. सूत्राचे श्रेय बहुतेक इतिहासकार इंग्लंडच्या ब्रूक टेलरला देतात. त्याचा ग्रंथ १७१५ सालचा. त्याआधी लायब्निझने १६७३-७४ च्या सुमारास आकृतीच्या आधारे याच जातीचा एक नियम वापरला आणि पाय भागिले चार बरोबर १ वजा एकतृतीयांश अधिक एकपंचमांश या श्रेणीपर्यंत तो पोचला. केरळच्या माधवाच्या परंपरेला ही श्रेणी त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. आपल्या मराठी मुलुखाचे नाव अशा वेळी भास्कराचार्यांमुळे येते. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला, त्यात भास्कराचार्यांच्या कुळाची माहिती आहे. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाची तात्कालिक गती आहे, आणि गोलाचे घनफळ काढताना गोलाच्या केंद्राशी टोके असलेल्या असंख्य सूचींची, म्हणजे पिरॅमिडांची, कल्पना आहे. नागपुरात शिकलेल्या आणि पुढे काशीला शिकवणाऱ्या बापूदेव शास्त्रींनी १८५८ मध्ये भास्कराचार्यांच्या या विकलनाच्या जाणिवेवर इंग्रजीत लेख लिहून ती जगापुढे मांडली. भास्कराचार्यांना बाय पार्ट्स येत होते असे मात्र मी म्हणणार नाही. जे त्यांनी केले तेच पुरेसे मोठे आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी आपल्या अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात ‘शून्यलब्धिगणित’ या नावाने कॅल्क्युलस मराठीत आणले, ही गोष्टही इथे मुद्दाम सांगतो. कारण हा विषय मराठीत बोलता येत नाही असे आजही पुष्कळांना वाटते.

आता आकृतीकडे येऊ. कागदावर एक चढती वक्ररेषा काढा. आडव्या अक्षावर एक राशी, उभ्यावर दुसरी. वक्ररेषेचे एक टोक खाली डावीकडे, दुसरे वर उजवीकडे. रेषेच्या खालचे, आडव्या अक्षापर्यंतचे क्षेत्रफळ हे एक संकलन. रेषेच्या डावीकडचे, उभ्या अक्षापर्यंतचे क्षेत्रफळ हे दुसरे. दोन्ही मिळून काय होते? वरच्या टोकाने ठरणारा मोठा आयत, त्यातून खालच्या टोकाने ठरणारा छोटा आयत वजा. बाय पार्ट्स म्हणजे एवढेच. दोन संकलनांची बेरीज दोन आयतांच्या वजाबाकीइतकी. सीमापद म्हणजे हे दोन आयत. पहिल्या ओळीतच ते कागदावर आले नाहीत, तर मुलाने एका क्षेत्रफळाच्या जागी दुसऱ्याचे उणे लिहिलेले असते, दुसरे काही नाही.

ही आकृती यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलाला दाखवायची तर तिच्यासाठी शेततळ्याहून चांगली जागा नाही. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये आली. तिच्यातले सर्वांत मोठे माप वर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल होते. भिंती सरळ उभ्या ठेवल्या तर काळी माती ढासळते, म्हणून त्या उतरत्या घेतात. समजा दर मीटर उंचीला भिंत दीड मीटर बाहेर सरकते. मग तळाशी बाजू २१ मीटर राहते. तळापासून ‘ख’ मीटर उंचीवर पाण्याच्या चौकोनाची बाजू २१ अधिक ३ख, आणि क्षेत्रफळ तिचा वर्ग. तळाशी ४४१ चौरस मीटर, काठावर ९००.

पाणी किती मावेल? पातळ पातळ थर एकावर एक रचून बेरीज करा, म्हणजे क्षेत्रफळाचे ० ते ३ संकलन. सरळ केले तर (२७००० − ९२६१) भागिले ९, म्हणजे १९७१ घनमीटर. इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगतो. वरचे आणि खालचे क्षेत्रफळ घेऊन सरासरी काढायची आणि खोलीने गुणायचे, हा गावातला नेहमीचा हिशेब. तो २०११.५ देतो, म्हणजे साडेचाळीस घनमीटर जास्त. दहा हजार लिटरचे चार टँकर कागदावरच भरले गेले. मधल्या उंचीचे क्षेत्रफळ चौपट वजनाने धरले, म्हणजे ९००, ६५०.२५ च्या चौपट आणि ४४१ यांची बेरीज सहाने भागून तीनने गुणली, तर पुन्हा बरोबर १९७१ मिळते. हा सिम्पसनचा नियम आहे आणि तो कोणाही सरपंचाला शिकवता येईल.

आता तेच संकलन बाय पार्ट्सने करू. क्षेत्रफळ हे पहिले फंक्शन, आणि दुसरे फंक्शन नुसते १, ज्याचे संकलन ख. सीमापद म्हणजे ख गुणिले क्षेत्रफळ, ० ते ३: वर ३ गुणिले ९००, म्हणजे २७००, खाली शून्य. वजा करायचे संकलन म्हणजे ख गुणिले (१२६ अधिक १८ख), ० ते ३: ५६७ अधिक १६२, म्हणजे ७२९. २७०० वजा ७२९ बरोबर १९७१. पण या आकड्यांकडे नीट पाहा. २७०० हे सरळ भिंतींचा ३० बाय ३० बाय ३ चा खड्डा खणला असता तर निघालेले घनफळ आहे. ७२९ म्हणजे चारही उतारांखाली न खणता राहिलेली माती. सूत्राने एक अख्खा खड्डा धरला आणि त्यातून उताराची माती वजा केली. आकृतीतला मोठा आयत तो हा, डोळ्यांसमोर, फूटपट्टीने मोजता येईल असा. ज्याने सीमापद सोडले त्याच्याकडे उणे ७२९ उरले. पाणी विचारले होते, त्याने माती सांगितली.

इथे हुशार मुलगी विचारते: सर, १ चे संकलन ख का? ख अधिक कोणताही स्थिरांक चालेल ना? चालेल. आणि हा प्रश्न वर्गात आला नाही तर शिक्षकाने स्वतः काढावा. ख च्या ऐवजी ख वजा ३ घ्या, म्हणजे उंची तळाऐवजी काठावरून मोजा. आता वरच्या टोकाला सीमापद शून्य होते, आणि खालच्या टोकाला ते उणे ३ गुणिले ४४१. वजा उणे म्हणून अधिक १३२३. उरलेले संकलन अधिक ६४८. बेरीज पुन्हा १९७१. या वेळी १३२३ हा २१ बाय २१ बाय ३ चा आतला सरळ खड्डा आहे, आणि ६४८ हे उतारावर तरंगणारे पाणी. एकच तळे एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर मोजले. ‘स्थिरांक निश्चित संकलनात कटतो’ हे वाक्य आपण मुलांना देतो. ते खरे आहे, पण ते कटताना सीमापद आणि संकलन दोन्ही बदलतात, एकमेकांना सांभाळून. एका ठिकाणी एक स्थिरांक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरा वापरला तर हिशेब मोडतो.

ही मोकळीक नुसती समजुतीची नाही, तिने कष्ट वाचतात. क्ष गुणिले टॅन इन्व्हर्स क्ष, ० ते १, हे परीक्षेतले जुने उदाहरण. बहुतेक मुले क्षचे संकलन क्ष वर्ग भागिले २ घेतात आणि पुढे क्ष वर्ग भागिले (१ अधिक क्ष वर्ग) या अपूर्णांकात अडकतात. त्याऐवजी (क्ष वर्ग अधिक १) भागिले २ घ्या. खालचा छेद कटून जातो, उरते नुसत्या अर्ध्याचे संकलन. सीमापद पाय भागिले ४, त्यातून अर्धा वजा. दोन ओळींत उत्तर. ‘लायेट’ किंवा ‘आयलेट’ हा फंक्शन निवडायचा क्रम मुलांना पाठ असतो. तो १९८३ मध्ये हर्बर्ट कसूब यांनी एका अमेरिकन गणित मासिकात मांडला. तो उपयोगी आहेच. पण पहिले कोणते घ्यायचे हे लायेट सांगतो, दुसऱ्याचे संकलन कोणत्या स्थिरांकासह घ्यायचे हे तो सांगत नाही. तिथे डोके वापरावे लागते.

आता खालच्या टोकाकडे वळू. तळ्याच्या उदाहरणात खालचे टोक शून्य होते आणि सीमापदही तिथे शून्य आले. हेच मुलांच्या मनात घट्ट बसते: खाली शून्य असेल तर काही वजा करायचे नाही. ही सवय फार महाग पडते. (१ अधिक क्ष) गुणिले ई चा क्ष घात, ० ते १ घ्या. सीमापद वर २ई, खाली १, कारण ई चा शून्य घात १ असतो. त्यातून (ई वजा १) वजा केले की उत्तर ई, म्हणजे २.७१८. खालचा १ विसरला तर ई अधिक १, म्हणजे ३.७१८. मी मुलांना म्हणतो, उत्तर लिहिण्याआधी आकृतीला विचारा. हे फंक्शन १ पासून ५.४४ पर्यंत वर वळत चढते. म्हणून त्याखालचे क्षेत्रफळ दोन टोके जोडणाऱ्या सरळ रेषेखालच्या क्षेत्रफळापेक्षा, म्हणजे ३.२२ पेक्षा, कमीच असणार. ३.७१८ शक्यच नाही. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. सीईटीत गणिताचा प्रश्न २ गुणांचा असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून मुले चारपैकी एक पर्याय निवडून मोकळी होतात. पण निसटलेल्या टोकाचे उत्तर पर्यायांत समोर असले की हात तिकडेच जातो.

आणि खालचे टोक शून्य नसते तेव्हा तर ही चूक अगदी उघडी पडते. धरणात उपयुक्त साठा आणि मृतसाठा असे दोन भाग असतात. कालव्याच्या दारापेक्षा खालचे पाणी कालव्यात येत नाही. बाभुळगाव तालुक्यातल्या बेंबळा प्रकल्पाचे असो की पैनगंगेवरच्या इसापूरचे, रोजच्या बातमीत जे दलघमी छापून येतात त्यांच्यामागे पातळीनुसार क्षेत्रफळ आणि साठ्याचा तक्ता असतो, आणि उपयुक्त साठ्याचे संकलन तळापासून सुरू होत नाही. आपल्याच तळ्यात तळचा १ मीटर मृतसाठा धरा. उपयुक्त पाणी १ ते ३. सीमापद: वर २७००, खाली १ गुणिले २४ चा वर्ग, म्हणजे ५७६. फरक २१२४. वजा करायचे संकलन १ ते ३ मध्ये ६६०. उत्तर १४६४ घनमीटर. खालचे ५७६ विसरलात तर २०४० येते. अख्ख्या तळ्यात १९७१ मावते आणि त्यातल्या वरच्या भागात २०४०! असे उत्तर समोर आले की कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला ते खटकेल. कोरडवाहू कापसाला ऐन बोंडे भरताना पावसाचा खंड पडतो, तेव्हा पाच सेंटीमीटरच्या एका संरक्षित पाण्यासाठी हेक्टरी ५०० घनमीटर लागते. १४६४ मध्ये तीन हेक्टरही पूर्ण भिजत नाहीत, २०४० मध्ये चार हेक्टर भिजतात. टोकाची एक ओळ विसरली म्हणजे एक हेक्टराहून जास्त कापूस कागदावर भिजला.

चिन्हांची गल्लत हा याचाच दुसरा भाग. ई चा क्ष घात गुणिले साइन क्ष, ० ते पाय, या उदाहरणात बाय पार्ट्स दोनदा लावावे लागते आणि मूळ संकलन परत समोर येते. पहिल्या वेळी सीमापद शून्य, कारण साइन दोन्ही टोकांना शून्य. दुसऱ्या वेळी कोसाइन: पाय ला उणे १, शून्याला अधिक १. कंसाबाहेर वजा आहे, आत दोन्ही पदे उणे होतात, म्हणून बाहेर दोन्ही अधिक. उत्तर (ई चा पाय घात अधिक १) भागिले २, सुमारे १२.०७. पहिल्या फेरीत सीमापद शून्य झाले म्हणून दुसऱ्या फेरीत ते पाहिलेच नाही, अशा उत्तरपत्रिका मी फार पाहिल्या आहेत. प्रत्येक फेरीचा धुरा नव्याने मोजावा लागतो.

राशी बदलली की टोकेही बदलतात, हे मुलांना बदलीच्या, म्हणजे सब्स्टिट्यूशनच्या, नियमात माहीत असते. पण बाय पार्ट्स त्याच उदाहरणात पुढे आले की मुले ते विसरतात. साइन वर्गमूळ क्ष, ० ते पाय वर्ग. वर्गमूळाला ट म्हणा. आता टोके ० ते पाय, आणि आत २ट साइन ट. सीमापद उणे २ट कोसाइन ट, त्याची किंमत २ पाय. कोसाइनचे संकलन शून्य. उत्तर २ पाय. सीमापदात ट आहे आणि टोक म्हणून पाय वर्ग टाकला, तर ते आपल्या तळ्याला शेजारच्या शेताचा धुरा लावण्यासारखे होईल.

एवढे सगळे जमले तरी एक अट उरते, आणि ती पुस्तकात लहान अक्षरात असते. दोन्ही फंक्शने त्या अंतरात अखंड असली पाहिजेत आणि त्यांची डेरिव्हेटिव्हही नीट वागली पाहिजेत. मुलांना ही अट केवळ औपचारिक वाटते. तिचा अर्थ जुन्या विहिरीत उतरला की कळतो. खाली अरुंद, वर रुंद, आणि मध्ये उभे राहायला कट्टा, अशी विहीर डोळ्यांसमोर आणा. समजा खालच्या ३ मीटरमध्ये आडवे क्षेत्रफळ १० चौरस मीटर, वरच्या २ मीटरमध्ये १६. पाणी किती? ३० अधिक ३२, म्हणजे ६२ घनमीटर. आता बाय पार्ट्स लावा. सीमापद: ५ गुणिले १६, म्हणजे ८०. क्षेत्रफळाचे डेरिव्हेटिव्ह? खाली ते स्थिर, वरही स्थिर, म्हणून शून्य. वजा करायला काहीच नाही. उत्तर ८०! अठरा घनमीटर पाणी हवेतून आले. ते अठरा म्हणजे ३ मीटर उंचीवरच्या कट्ट्याखालची माती: ३ गुणिले ६. डेरिव्हेटिव्हला कट्टा दिसला नाही, कारण क्षेत्रफळ तिथे चढले नाही, एकदम उडी मारून गेले. उपाय सोपा आहे. उडीच्या जागी अंतर तोडा, दोन तुकड्यांना वेगवेगळे सूत्र लावा. खालच्या तुकड्याचे सीमापद ३०, वरच्याचे ८० वजा ४८ म्हणजे ३२. बेरीज ६२. मध्ये उडी असेल तर मध्येही धुरा आहे, दोन्ही बाजूंनी मोजायचा.

पहिले अनिश्चित संकलन पुरते करून घ्यायचे आणि शेवटी सीमा टाकायच्या, ही पद्धत पुष्कळ शिक्षक सुचवतात. ती चुकीची नाही. उलट सीमापद विसरण्याचा धोका तिच्यात कमी. पण तिलाही हाच कट्टा आडवा येतो. उणे १ भागिले (१ अधिक क्ष वर्ग) या फंक्शनचे उणे १ ते १ संकलन उणे पाय भागिले २ आहे. कोणी त्याचे प्रतिविकलक, म्हणजे अनिश्चित संकलन, टॅन इन्व्हर्स (१ भागिले क्ष) घेतले आणि टोके टाकली, तर अधिक पाय भागिले २ येते. सतत ऋण असलेल्या फंक्शनचे संकलन धन! शून्यापाशी त्या प्रतिविकलकात उडी आहे आणि ती कोणी पाहिली नाही.

याहून नाजूक जागा म्हणजे टोकालाच फंक्शन अनंताकडे जाते तेव्हा. लॉग क्ष, ० ते १. सीमापद क्ष गुणिले लॉग क्ष. वरच्या टोकाला शून्य. खालच्या टोकाला मूल लिहिते: शून्य गुणिले काहीही बरोबर शून्य. उत्तर उणे १ येते आणि ते बरोबर आहे. पण कारण चुकीचे आहे, आणि मी त्याला पूर्ण गुण देणार नाही. लॉग ० ही संख्याच नाही. क्ष शून्याकडे सरकताना क्ष किती वेगाने लहान होतो आणि लॉग किती संथपणे खाली जातो, हे दाखवले पाहिजे. तेव्हा तो गुणाकार शून्याकडे जातो हे सिद्ध होते. लॉग क्षच्या जागी १ भागिले क्ष असता तर गुणाकार शेवटपर्यंत १ च राहिला असता. ‘शून्य गुणिले काहीही’ हे वाक्य इथे मुलाला केव्हा तरी नक्की बुडवेल.

त्याच १ भागिले क्षचे एक प्रसिद्ध कोडे आहे. त्याला अनिश्चित बाय पार्ट्स लावा: पहिले १ भागिले क्ष, दुसरे १. निघते: संकलन बरोबर १ अधिक तेच संकलन. दोन्हीकडून वजा केले तर ० बरोबर १. अकरावी-बारावीच्या मुलांना हे कोडे घातले की वर्ग ढवळून निघतो, आणि निघावाच. उत्तर सीमांमध्ये आहे. १ ते २ अशी टोके लावा, सीमापद हे स्थिर फंक्शन १; वर १, खाली १, फरक शून्य. कोडे संपले. अनिश्चित संकलनात तो १ ‘अधिक सी’ मध्ये लपलेला असतो. म्हणून मला वाटते की संकलन शिकवायला सुरुवातच निश्चित संकलनाने, क्षेत्रफळाने व्हावी. अनिश्चित संकलन हे एक उपकरण आहे. क्षेत्रफळ ही मूळ गोष्ट. पुस्तकाचा क्रम आपल्या हातात नाही, पण वर्गातला पहिला तास आपल्याच हातात असतो.

सीमापद शून्य होणे ही कधी कधी मोठी देणगी असते, हेही सांगितले पाहिजे. आयुर्मान घ्या. लोकांचे सरासरी आयुष्य म्हणजे वय गुणिले त्या वयाला मृत्यू होण्याची घनता, याचे संकलन. बाय पार्ट्स केले की सीमापद वय गुणिले त्या वयापलीकडे जगणाऱ्यांचा वाटा. जन्माला वय शून्य, अतिवृद्ध टोकाला वाटा शून्य. दोन्ही टोके गेली, उरले एवढेच: प्रत्येक वयापलीकडे जगणाऱ्यांच्या वाट्यांची बेरीज म्हणजे सरासरी आयुष्य. सॅम्पल रजिस्ट्रेशन सिस्टीमच्या जीवनसारण्या याच पायावर उभ्या असतात. इंजिनिअर धरणाच्या भिंतीचा ताण संगणकावर काढतात त्या फायनाइट एलिमेंट पद्धतीची पहिली पायरीही बाय पार्ट्सच आहे. तिथे सीमापद म्हणजे भिंतीच्या कडेवर येणारा भार. तिथे ते सोडले तर भिंतीवर पाण्याचा दाबच नाही असे संगणक समजेल.

शेवटी शिक्षक मित्रांना माझी विनंती. चौथ्या प्रकरणात बाय पार्ट्सचे पहिले उदाहरण फळ्यावर लिहाल तेव्हा पहिल्या गुणाकाराभोवती चौकोनी कंस घाला आणि त्याच क्षणी, पुढची ओळ लिहिण्याआधी, त्याला खाली-वर दोन्ही टोके लावा. खालचे टोक शून्य असले तरी त्याची किंमत वेगळ्या ओळीत काढून दाखवा. उत्तरपत्रिका तपासताना सीमापदाच्या ओळीला वेगळे गुण द्या, आणि ‘शून्य गुणिले काहीही’ असे लिहून मिळवलेल्या बरोबर उत्तराखाली लाल शाईने ‘का?’ असे विचारा. आणि दर वर्षी निदान एका तासाला मुलांना टेप घेऊन गावाजवळच्या शेततळ्यावर न्या. वरची बाजू, तळाची बाजू आणि खोली मोजायला लावा, आणि पाण्याचा आकडा दोन पद्धतींनी काढायला सांगा. दोन्ही आकडे जुळेपर्यंत त्यांना घरी सोडू नका.